सांगणाऱ्याचं नाव

आमच्या नदीकाठी माणूस गेला की पहिला फोन आयोला मूडीला जायचा. डॉक्टर, पाद्री, शहरातली लेक, ही मंडळी नंतर. आयोला जुन्या पिकअपमधून यायची, हातात देवदाराच्या ओल्या डहाळ्या, आणि दारातूनच ओरडायची, "रडणारे बाहेर व्हा, पाणी तापवणारे आत या." मग दार लावून ती मेलेल्याला आंघोळ घालायची. हे काम परक्याच्या हातून होत नाही. परक्या हाताचं पाणी अंगावर पडलं तर गेलेल्याला पलीकडे कुणी ओळखत नाही, असं आमच्यात मानतात. सगळा रेझ, म्हणजे अमेरिकन सरकारने आम्हा इथल्या मूळ लोकांना ठेवून दिलेली ही नदीची पट्टी, तिच्या हातून गेलाय असं म्हटलं तरी चालेल.

बाई काही गरीब गाय नव्हती. जिभेला धार होती आणि ती रोज परजलेली असायची. नियमाबाहेर काही दिसलं की तिथल्या तिथे माणसाचा पाणउतारा करायची, मग तो कौन्सिलचा असो की चर्चचा. माणूस गेला की वर्षभर त्याचं नाव घ्यायचं नाही, हा आमचा सगळ्यात मोठा नियम. वर्षानंतर जेवण घालतात, सॅमन माशाचं आणि रानबेरींचं, आणि त्या पंगतीत नाव परत उठवतात. तोवर नाव घेतलं तर गेलेला माणूस वाटेतून मागे वळतो. तिचा भाचा लायल लहानपणी एकदा अंगणात खेळताना आपल्या मेलेल्या आईचं नाव घेऊन हाका मारू लागला, तेव्हा आयोलाने त्याच्या तोंडावर अशी चापट मारली की ओठ फुटला. मग तोच ओठ तिने बर्फाने शेकला आणि पोराला मांडीवर घेऊन बसली. लायल तिच्या नवऱ्याच्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. पुढे तो कौन्सिलचा अध्यक्ष झाला. त्याच्या टाईची गाठ बघून ती म्हणायची, "लायल्या, फास नीट बसलाय हो गळ्याला."

तिला जगाकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ती टेकडीवर होती. आमचं कब्रस्तान टेकडीवर आहे. तिथे उजवीकडे तिचा नवरा एलवूड, डावीकडे मुलगी ट्रूडी, आणि मध्ये एका माणसापुरती जागा. ट्रूडी कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पुलावरून गाडीसकट नदीत गेली. आईने लेकीला आंघोळ घालायची नसते, पण दुसरं घालणार कोण? आयोलाने दार लावलं, आणि त्या दिवशी पाणी तापवणाऱ्यांनाही आत घेतलं नाही. तेव्हापासून दर रविवारी ती मधल्या जागेचं गवत उपटायची आणि कुणी विचारलं तर सांगायची, "माझं अंथरूण झाडतेय."

मग कॅसिनो आला. कॅसिनो आला आणि आम्ही एकमेकांकडे नीट बघायला लागलो. तोवर आपला कोण हे विचारायची वेळच आली नव्हती, कारण आपलं असण्यात मिळण्यासारखं काही नव्हतं. आता जुगाराच्या नफ्यात जमातीच्या प्रत्येक माणसाचा वाटा ठरला आणि अचानक रक्ताला भाव आला. लायलने नियम आणला: ज्याचा पूर्वज गोऱ्या सरकारने केलेल्या त्या जुन्या मोजणीत इथला म्हणून नोंदला गेला, तोच जमातीचा. ज्याची नोंद गडबडलेली असेल, त्याने भर सभेत आपलं कूळ म्हणायचं, आणि ते कूळ ज्याच्या तोंडून ऐकलं त्या सांगणाऱ्याचं नाव घ्यायचं. सांगणारा घरचा नको. ही शेवटची अट आयोलाने घालायला लावली. जुन्या चालीप्रमाणे सांगणाऱ्याच्या नावाशिवाय कूळ धरत नाहीत, असं ती म्हणाली, आणि ते खरंही होतं. टेकडीवर फक्त जमातीच्या माणसालाच जागा, हेही तेव्हाच ठरलं. तिने त्यालाही हात वर केला.

नियम कुणासाठी होता हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वरच्या वळणावरचे टॉलमन. भांडखोर लोक, निवडणुकीत नेहमी लायलच्या विरुद्ध. त्यांचा म्हातारा रूबेन टॉलमन सभेत कूळ म्हणायला उभा राहिला. त्याची आई त्याच हिवाळ्यात गेली होती. बोलता बोलता त्याच्या तोंडून आईचं नाव निघून गेलं. रूबेनने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण उशीर झाला होता.

आयोला पहिल्या रांगेतून उठली. "आपल्यातला असता तर जीभ रेटलीच नसती," ती म्हणाली. "आणखी पुरावा कशाला पाहिजे?"

टाळ्या पडल्या. त्या एका वाक्यावर टॉलमनांचं अख्खं घराणं बाहेर गेलं. ज्या म्हातारीचं नाव त्याने घेतलं होतं, तिला आयोलानेच आंघोळ घातली होती, आणि शेवटचे दोन आठवडे रूबेन आईच्या उशाशी कसा बसून होता हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिला वाईट वाटलं नाही. तिला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, हे सांगायला हवं.

टॉलमनांनी जाता जाता दगड मारलाच. रूबेनच्या मुलीने, शार्लीनने, कौन्सिलला विचारलं, "नियम सगळ्यांना ना? मग आयोला मूडीची आजी मोजणीत कुठे आहे ते बघा."

आजीची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मोजणी झाली तेव्हा नदीवरचे लोक नेहमीप्रमाणे खालच्या खोऱ्यात गेले होते, बिअरला लागणारी हॉप्सची फुलं तोडायला. आयोलाची आजी तेव्हा लहान. ताप आला म्हणून तिला शेजारणीकडे ठेवून गेले. मोजणीवाला आला, त्याने विचारलं ही कुणाची, आणि शेजारीण म्हणाली, माझी. पोर सुटू नये, तिच्या वाट्याचं सरकारी पीठ बुडू नये, एवढंच त्या बिचारीच्या मनात. पण शेजारीण डोंगरापलीकडून लग्न करून आलेली. मोजणीवाल्याने दोघींना डोंगरापलीकडच्या म्हणून लिहिलं आणि घोड्यावर बसून निघून गेला. एका चांगल्या बाईच्या चांगुलपणामुळे आयोला मूडी कागदावर परकी झाली.

ती तडक लायलच्या ऑफिसात गेली.

"मामी, बस ना. कॉफी घेतेस?"

"कॉफी घाल चुलीत. हे काय पाठवलंयस मला? सभेत उभी राहू? मी?"

"नियम सगळ्यांना एकच, मामी. तुला सोडलं तर टॉलमन बोंब मारतील, आणि उद्या सगळाच निकाल फिरवावा लागेल. तू ये, कूळ म्हण, सांगणाऱ्याचं नाव घे, अन् घरी जा. पाच मिनिटांचं काम आहे."

"अन् नाही घेतलं तर?"

लायल कपात बघत म्हणाला, "घेशील की."

तरी ती शहरात एका वकिलाला भेटून आली. वकील भला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, तुमची जमात म्हणजे कायद्याने एक छोटं राष्ट्र आहे. आपलं कोण नि परकं कोण हे तुमचं तुम्ही ठरवता. देशातला एकही न्यायाधीश त्यात हात घालणार नाही. हा हक्क तुमच्या लोकांनी भांडून मिळवलाय." आयोला हसली. भांडून मिळवलाय म्हणे! तरुणपणी नदीत जाळी टाकली म्हणून मासेमारी अडवणाऱ्या सरकारी वॉर्डनांनी केसांना धरून काठावर ओढलेली बाई ती होती. तुरुंगाच्या गजांना धरून "आमच्या नदीवर आमचा कायदा" म्हणून घसा फोडणारीही तीच. तो कायदा आता तिला न्यायला आला होता.

घाबरण्यासारखं मात्र काही नव्हतं, कारण म्हातारा होता. आता त्याच्या नावाचं जेवण होऊन गेलंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही: अँब्रोझ. नदीवरचा सगळ्यात म्हातारा कोळी. आयोलाच्या आजीच्या हातची तळलेली भाकर खाल्लेला, तिच्या आईबापांना ओळखणारा एकच माणूस उरला होता. कूळ तिने त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. लेकीने, लिओनाने, त्याला सांगून बघितलं की आत्ताच लिहून सही करून ठेवा, तर म्हातारा भडकला.

"मी जिवंत असताना माझ्या तोंडाला कागद कशाला? येतोय ना मी सभेत! पोरी," तो आयोलाला म्हणाला, "तू फक्त ती निळी शाल घालून ये. तुझी आजी तशी शाल घ्यायची. बघू दे त्या टायवाल्याला."

सभेच्या आठवड्यात अँब्रोझ खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

पहिला फोन आयोलालाच आला. ती गेली. दार लावलं. यावेळी पाणी अंगावर घालताना तिला दुःख झालं नाही. ती म्हाताऱ्यावर चिडली होती. "चार दिवस कळ काढली असतीस तर काय बिघडलं असतं?" ती त्याच्या कानाशी म्हणाली. मग तिने त्याचे पाय चोळून धुतले, नियमाप्रमाणे पायांपासून वर, आणि केस विंचरले. लिओनाने तिच्या गळ्यात पडून सांगितलं, "मावशी, बाबांना तुमचाच हात लागला, माझा जीव शांत झाला."

आयोलाने लायलला निरोप पाठवला: सभा नावाचं जेवण होईपर्यंत पुढे ढकल. लायलचं उत्तर आलं की मुदत नियमात ठरलेली आहे आणि नियम तिच्यासमोर झालाय.

ती निळी शाल घालून गेली. सभागृह भरलेलं. हात वर करणाऱ्या थोरांच्या रांगेत अशी एक खुर्ची नव्हती, जिच्यावर बसलेल्याची आई, बाप, भाऊ नाहीतर पोर तिच्या हातून गेलं नव्हतं. तिने कूळ म्हटलं. खणखणीत म्हटलं, आजीपासून मागे, पाण्याच्या पहिल्या वळणापर्यंत. एकही नाव चुकलं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हुंकार दिला.

"हे कूळ तुम्ही कुणाकडून ऐकलंत?" लायलने विचारलं.

तुम्ही. जन्मात पहिल्यांदा त्याने तिला तुम्ही म्हटलं.

"तुला माहीत आहे कुणाकडून."

"मला माहीत असून चालत नाही. सभेला नाव हवंय."

"लायल्या, त्याला जाऊन आठवडा नाही झाला."

"मग दुसरं कुणी?"

दुसरं कुणी नव्हतं. आयोलाने लिओनाकडे बघितलं. लिओना मान खाली घालून ओठ चावत होती आणि किंचित मान हलवत होती, नको, नको. आयोलाने थोरांच्या रांगेकडे बघितलं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण जो तो बुटांकडे बघत होता. गप्प राहिली तर आजच्या आज परकी. तिच्या डोळ्यांसमोर टेकडी आली, दोघांच्या मधली ती झाडून ठेवलेली जागा. ट्रूडी एकटी आहे तिथे, तिला वाटलं. बाप आहे शेजारी, पण बापाला पोरीचं काय कळतं?

"अँब्रोझ," ती म्हणाली. "मला अँब्रोझने सांगितलं."

लिओना किंचाळली. कान दाबून ती खुर्चीतून खाली बसली. "आत्ता वाटेवर असतील ते!" ती ओरडत होती. "आत्ता वळले असतील!"

लायल वाट बघत होता. आवाज शांत होईपर्यंत तो थांबला. त्याच्या खालच्या ओठावर जुन्या चापटीची बारीक रेघ होती, ती आयोलाला एवढ्या लांबूनही दिसली.

"आपल्यातला माणूस असता," तो हळूच म्हणाला, "तर जीभ रेटलीच नसती. आणखी पुरावा कशाला पाहिजे?"

टाळ्या पडल्या नाहीत. हात मात्र वर गेले, एकामागून एक. आयोला बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण भलतंच झालं. पहिल्या रांगेत ती स्वतः बसलेली असती तर तिचाच हात आधी वर गेला असता, हे तिला कळलं आणि तिची मानच खाली गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. लिओना डोळे पुसत उठली आणि तिने सगळ्यांदेखत विचारलं, "ही परकी, तर मग माझ्या बापाला आंघोळ कुणी घातली?"

प्रश्न बाकाबाकांवरून फिरला. प्रत्येकजण आपापली माणसं आठवायला लागला. एक बाई रडायला लागली. रेझवरची निम्मी टेकडी परक्या हाताने धुतलेली निघाली. सभेने तिथल्या तिथे ठरवलं की रविवारी देवदाराचं पाणी शिंपडून तो हात टेकडीवरून काढायचा.

रविवारी आयोला सवयीने गेली. फाटकावर लिओनाचा भाऊ उभा होता. "मावशी, आत नाही येता येणार," तो म्हणाला. ती रस्त्यावर उभी राहिली. तिथून सगळं दिसत होतं. रस्त्यापलीकडे आपल्या ट्रकला टेकून रूबेन टॉलमनही बघत होता. त्याची आई वर टेकडीत पुरलेली होती. त्याने आयोलाकडे एकदा बघितलं आणि रस्त्यावर थुंकला.

लायल बादली घेऊन एकेका कबरीपाशी जात होता, लोक मागून. एलवूडवर पाणी पडलं. मग तो ट्रूडीपाशी आला, डहाळी बुडवली आणि डोक्याकडून शिंपडायला लागला. ही ट्रूडीच्या पाठीवर बसून वाढलेली पोरं, आणि एवढंही शिकली नाहीत.

"पायाकडून!" आयोला रस्त्यावरून ओरडली. "लायल्या, पायाकडून सुरू कर! नाहीतर आधीचं पाणी उतरत नाही!"

सगळे थांबले. लायलने तिच्याकडे बघितलं नाही. तो बादली उचलून ट्रूडीच्या पायाशी गेला, डहाळी पुन्हा बुडवली, आणि तिने शिकवलं होतं तसं पायांपासून वर, तिनेच लेकीला घातलेली सगळी आंघोळ पुसत नीट पाणी शिंपडत आला.