दगडातलं लोखंड

मुळशीच्या तलावाच्या वरच्या अंगाला एक वाडी होती. तिथं साळूबाई लोहारीण राहायची. नवरा नथू विळे-कोयते घडवायचा, ती भाता ओढायची. लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षं तिचं हेच काम. आच किती चढली, ते तिला जाळाच्या आवाजावरून कळायचं. नथूला हे ठाऊक होतं, पण चारचौघांत तो कधी बोलला नाही.

१९५८ साली पुण्याच्या एका कॉलेजातले टेंबे सर वाडीमागच्या डोंगरावर आले. तिथं तांबड्या दगडांमध्ये काळ्या, काचेसारख्या ढेकळांचा ढीग पडलेला होता. सर नथूला म्हणाले, "हे लोखंडाचं कीट, दगड वितळवून उरलेला मळ. फार पूर्वी इथली माणसं या तांबड्या दगडातून लोखंड काढत असणार. कसं काढत, ते करून बघायचंय. जमेल?"

नथू हो म्हणून बसला. पहिल्या खेपेला कोळसा दमट निघाला, नुसता धूर झाला. दुसऱ्या खेपेला भट्टीत वारा नेणारी मातीची नळी कीटानं तुंबली. ती मोकळी करायला भाता थांबवला आणि आतलं सगळं गोठून गेलं. हैबतराव पाटील चावडीवर म्हणाले, "नथू, आता शेणाचं सोनं कर!" लोक हसले. नथू दोन दिवस नीट जेवला नाही.

"आजून एकदा करू," साळूबाई म्हणाली. "पर या खेपेला भाता थांबणार न्हाई. काय बी झालं तरी."

फाल्गुनात छातीएवढी नवी भट्टी उभी राहिली. सकाळी जाळ घातला. नथू वरून कोळशाचा थर, मग भाजलेल्या दगडाचा चुरा टाकत होता. साळूबाई दोन हातांनी दोन भाते आळीपाळीनं दाबत होती. सर घड्याळ बघून वहीत लिहीत होते. नळी तुंबायला लागली की नथू सळईनं टोचायचा. ती एका भात्यावर वारा चालू ठेवायची.

दुपार कलली आणि भट्टीच्या पोटाला चीर गेली. आधी केसाएवढी, मग बोटभर. तिच्यातून जाळाची जीभ बाहेर आली.

"साळे, सोड! फुटतीय!" नथू ओरडला.

सरही मागे सरले. "बाई, बाजूला व्हा!"

ती हलली नाही. चीर तिच्यापासून हातभर होती. लुगड्याचा काठ करपल्याचा वास आला.

"आता सोडलं तर गोठंल," ती म्हणाली. "गारा लावा, अवो! बघताय काय?"

नथूनं ओल्या मातीचा गोळा उचलून चिरेवर थापला. माती फसफसली, गळून पडली. त्यानं दुसरा थापला, तिसरा थापला. तळहाताची कातडी सोलली तरी त्यानं हात काढला नाही. चौथा गोळा टिकला. भाता चालूच होता.

उन्हं उतरताना भट्टी फोडली. आत नारळाएवढा, मधमाशांच्या पोळ्यासारखा गोळा होता. नथूनं हाताला फडकं गुंडाळून घण घातला तसा निम्मा गोळा ढेकळं होऊन उडून गेला. त्याचा चेहरा पडला.

"हळू," साळूबाई म्हणाली. "पुन्हा तापवा. हलक्या हातानं दाबा, मारू नगा."

बारा वेळा तापवलं. कीट गळत गेलं आणि शेवटी वीतभर पट्टी उरली. नथूनं ती ऐरणीवर टाकली. खणकन आवाज आला.

सरांना ती पट्टी हवी होती. नथू द्यायला निघाला, पण साळूबाईनं हात आडवा धरला. "सायेब, भट्टीची माती न्या, कीट न्या. ही मी घेनार."

सर हसले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्या पट्टीचं खुरपं झालं. मऊ होतं, वाकायचं, दर दोन दिवसांनी धार लावायला लागायची. नथूचा हात भरून येईतो पावसाळा लागला. त्या साली भाताच्या बेणणीला, तण काढायला, साळूबाईनं तेच वापरलं.