गोड लागलेला घास

आईला पोचवून आलो, त्या दुपारी शेजारच्या सुमनकाकूंनी पिठलं-भाकरी आणली. "दोन घास तरी खा रे," त्या म्हणाल्या. मला भूक नव्हती, रडूही येत नव्हतं. कोरडाच तुकडा तोंडात घालून मी नुसता चावत राहिलो. हळूहळू तो गोड लागू लागला. लाळेतलं एन्झाइम पिठातल्या स्टार्चची साखर करतं, हे मी वर्षानुवर्षं शाळेत शिकवत आलो आहे. आज मला न विचारताच त्याचं काम चाललं होतं. पुढे आतड्यातली एन्झाइमंही आपापलं काम करणार होती. आई गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

"गोड लागतंय हो, काकू," मी म्हणालो आणि मला माझीच लाज वाटली.

"लागू दे," त्या म्हणाल्या, आणि माझ्याशेजारी बसून राहिल्या.