शिवीवर थांबलेली बाई

आमच्या चर्चमध्ये त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर आणि द्राक्षरस वाटायला पाळकसाहेब उठणार, एवढ्यात सुलोचनाबाई बाक सोडून थेट शेजारीण रूथच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

“काल नळावर तुला नको ते बोलले. माफ कर,” त्या म्हणाल्या.

रूथनं मान फिरवली. मागच्या बाकावरचे एक वडीलधारे पुटपुटले, “दर महिन्याला हेच. बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षं झाली, काय बदललं?”

सुलोचनाबाई गर्रकन वळल्या. “काका, पूर्वी मी हात उगारायचे. आता शिवीवर थांबते. उद्या तीही सुटेल. प्रभूचं माझ्यावरचं काम अजून चालू आहे. मधेच निकाल लावणारे तुम्ही कोण?”

रूथला हसू आवरेना. तिनं सरकून बाईंना शेजारी बसवून घेतलं.

मी मात्र अवघडलो. मी कुणाशी भांडत नाही, म्हणून सगळे मला सज्जन म्हणतात. पण बांधाच्या वादावरून अबोला धरलेल्या सख्ख्या भावाचं दार मी सात वर्षांत वाजवलं नव्हतं. अंगाला डाग लागू न देणं म्हणजे पावित्र्य, असं मी धरून चाललो होतो. ही बाई डागांसकट चारचौघांत उभी राहून थोडी थोडी घडत होती, आणि मी इस्त्रीच्या सदऱ्यात होतो तिथंच होतो.

भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं; भावाशी समेट न करता ती भाकर कशी घ्यायची, म्हणून ते मी तसंच पुढे दिलं. उपासना संपताच भावाकडे गेलो. त्यानं मला पाहिलं आणि दार लावून घेतलं.

लावू दे. येत्या रविवारी मी पुन्हा जाणार आहे.