कांबळे सरांची मूळ संख्या

आमच्या कर्वेनगरच्या रविवार मंडळात मेंबर तीनच. गणिताचे निवृत्त शिक्षक कांबळे सर, बँकेतून रिटायर झालेले भिडे आणि आयटीत नोकरी करणारा मी. तिघांना मिळून एक अवाढव्य मूळ संख्या शोधायची आहे. ती अजून सापडलेली नाही, किस्से मात्र ढिगाने सापडले!

मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. असली लाखो आकडी संख्या तपासायला सरांचा कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे अखंड चालतो. एकदा सोसायटीच्या चेअरमननी विचारलं, "याचा उपयोग काय?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "म्हणून तर कुणी डोकं खायला येत नाही. आज आपण आलात तेवढंच!"

*

भिडे पहिल्याच रविवारी स्वतः रचलेली संख्या घेऊन आले. चांगली दोन पानं भरून! सरांनी फक्त शेवटचा आकडा पाहिला.

"भिडे, शेवटी पाच आहे. पाचाने भाग जातो."

भिडे हिरमुसले. "पण बाकीचे आकडे बघा ना, किती छान आलेत!"

सरांनी खरंच दोन्ही पानं वाचून काढली. सर असे आहेत.

*

आमच्या चाचणीची एक गंमत आहे. संख्येला भाग जातो हे पक्कं कळतं, पण कशाने जातो ते कळत नाही. भिड्यांना हे काही केल्या पटेना.

"म्हणजे चोरी झाली एवढंच सांगणार, चोर कोण ते नाही?"

"हो."

"मग या कॉम्प्युटरला पोलिसात भरती करा!"

*

थंडीत सरांच्या घरी कांबळे काकूंचं दही लागेना. त्यांनी तापलेल्या कॉम्प्युटरशेजारी भांडं ठेवलं, तर सकाळी सुरीने कापावं असं दही! तेव्हापासून मशिन बंद पडलं की सरांच्या आधी काकूच ओरडतात.

तरी एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, शेवटची मूळ संख्या सापडली की थांबणार ना?"

"शेवटची नसतेच. कितीही मोठी सापडली तरी तिच्यापुढे आणखी एक असतेच."

"म्हणजे माझी काही सुटका नाही!"

*

यंदा सरांना हार्ट अटॅक आला. मशिनवर तेव्हा त्यांची आजवरची सगळ्यात मोठी संख्या चालू होती. बायपास ठरली. सर मनातून घाबरले होते, पण भेटायला गेलं की विचारायचे एकच, "ती काय म्हणते?" गुरुवारी लाईट जाणार म्हटल्यावर काकूंनी शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर ओढून घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी निकाल लागला. भाग जातो! भिड्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सरांना सांगायचं नाही," ते म्हणाले. काकूंनी मला एवढंच विचारलं, "पुढची कशी लावतात?" मी बटण दाखवलं.

दुपारी हॉस्पिटलमध्ये सरांनी विचारलंच.

"भाग गेला," काकू म्हणाल्या.

सरांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, शेवटची नसते म्हणालात ना? पुढची लावून आलेय मी. शेजारी दहीही लावलंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा निकाल बघायला तुम्हीच घरी यायचं!"