कांताबाईंची झोपेची गुटी

कांताबाई गोविंदा ढोके, जन्म १९५६, मृत्यू जानेवारी २०२४. वास्तव्य कळंब, जिल्हा यवतमाळ. बाळंतिणीला शेक देणे आणि तान्ह्या मुलांना तेल लावून न्हाऊ घालणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांच्या बुद्धविहाराच्या गल्लीतील घरांप्रमाणेच शेतमालकांच्या घरांतूनही त्यांना सन्मानाने बोलावणे येई. रात्रभर रडणारे मूल कांताबाईंच्या गुटीने झोपते, अशी त्यांची ख्याती होती. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग आणि सर्वांत शेवटी जायफळ त्या उगाळीत. जायफळाचे वळसे किती, असे एखाद्या आईने विचारले की म्हणत, "मोजाचं काम माह्या हाताचं हाये, तुहं नाही." एका मुलाची गुटी एकाच माणसाच्या हाताने द्यावी, हा त्यांचा नियम होता.

त्यांचा एकुलता मुलगा संघदीप वणीला कोळशाच्या ट्रकवर चालक होता आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री घरी येई. त्याची पत्नी दीपमाला उमरखेडची. २०२१च्या दिवाळीनंतर त्यांना मुलगा झाला. तिसऱ्या महिन्यात मूल रात्री अखंड रडू लागले. त्याच सुमारास जागरणामुळे संघदीपचा गाडीवर डोळा लागला आणि ट्रक रस्ता सोडून शेतात उतरला. इजा झाली नाही. परंतु पुन्हा असे घडल्यास काम सुटेल, असे मालकाने बजावले. म्हणून तो घरी असेल त्या रात्री मुलाने झोपणे अत्यावश्यक झाले.

अशाच एका संध्याकाळी कांताबाईंनी नातवाला गुटी दिली. तेवढ्यात दुसऱ्या एका घरून बाळंतिणीसाठी बोलावणे आले. निघताना, आयुष्यात प्रथमच, त्यांनी आपला नियम मोडला.

"रडलाच त अजून दोन वळसे दे व," त्या सुनेला म्हणाल्या. "घाबरू नको. जायफळच त हाये."

मूल रडले. दीपमालेने सांगितल्याप्रमाणे केले. त्या रात्री ते घर कितीतरी दिवसांनी पूर्ण झोपले.

सकाळी दीपमाला मुलाला उठवू लागली, तेव्हा सासूने अडवले, "झोपलेल्या लेकराले उठवू नाही."

शेजारच्या हंसाबाई दारात डोकावल्या. "काय व कांताबाई, नातू पेन्शनीत निघाला काय? अजून अंथरुणातच."

"बापाले झोपू देऊन राह्यला माहा सोना."

दोघी हसल्या. ऊन ओसरीवर आले, दीपमालेचा पान्हा दाटला, तेव्हा तिने मुलाला उचललेच. त्याचा हात लुळा लोंबत होता.

यवतमाळच्या रुग्णालयात दुसऱ्या दिवशी मूल गेले. जायफळानेच गेले असे खात्रीने सांगता येत नाही, परंतु तान्ह्याला असले काही देऊ नये, असे डॉक्टर म्हणाले. काय दिले आणि किती वेळा, असे त्यांनी विचारले होते.

"म्या एकदाच देल्ली," कांताबाई म्हणाल्या.

"दुसऱ्यांदा म्या देल्ली," दीपमाला म्हणाली. "आईनंच सांगतलं होतं."

संघदीपने आईकडे पाहिले. "आई?"

"म्या कायले सांगू? माही गुटी दुसऱ्याच्या हातानं जाते काय कधी?"

सर्वांना तो नियम ठाऊक होता. म्हणून सर्वांनी त्यांचेच खरे मानले. जन्मदात्या आईनेच लेकरू मारले, असे गल्लीत उघड बोलले जाऊ लागले. महिनाभरात दीपमालेचे वडील येऊन तिला उमरखेडला घेऊन गेले.

कांताबाईंना बोलावणी येतच राहिली. मुलांना त्या न्हाऊ घालीत. सहाणेला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, "रडते त रडू दे. रडते म्हंजे हाये."

पुढील वर्षी एका दुपारी, संघदीप जेवत असताना, त्या म्हणाल्या, "दीपमालानं खोटं नव्हतं सांगतलं."

त्याचा घास हातातच राहिला. "मंग काहून नाही बोलली तवा?"

"तू माह्याकडे पाहून राह्यलता."

तो ताट तसेच टाकून उठला आणि दुसऱ्या दिवशी उमरखेडला गेला. दीपमालेने दारातच उभे राहून सर्व ऐकले. "हे मले ठाऊकच होतं," ती म्हणाली. "आईले म्हणा, गल्लीतल्या बायांसमोर सांगा. मंग पाहू."

कांताबाईंनी ते मान्य केले. विहारात रविवारची वंदना झाली की सांगेन, म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी रविवार आले. प्रत्येक वेळी त्या पांढरे लुगडे नेसून जात, शेवटपर्यंत बसत आणि काही न बोलता परत येत. अखेर थंडीत न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या श्रद्धांजलीसाठी झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात संघदीपने उभे राहून सर्व सांगितले. मग हंसाबाई म्हणाल्या, "मेलेल्या मायच्या अंगावर कायले टाकतं रे बाबा? बायको आणाची हाये त आण. कोण नाही म्हणते?"

दीपमाला परतली नाही; त्याच वर्षी उभयतांच्या संमतीने न्यायालयात फारकत झाली. दीपमाला उमरखेडला एका कापड दुकानात काम करते. कळंबच्या त्या गल्लीत मुलाच्या मृत्यूचा दोष आजही तिच्याच नावावर आहे.