जहाजात मधूनच चढायचं

कुठलीही लांबलचक मालिका नव्या माणसाला "पहिल्या भागापासूनच बघ" असं सांगणारे लोक मला आवडत नाहीत. हे लोक दारात उभं राहून तिकीट तपासतात आणि स्वतः मात्र कधीकाळी मागच्या भिंतीवरून उडी मारून आत आलेले असतात. माझा सख्खा दादा त्यांतलाच, म्हणून एवढं ठामपणे लिहिते आहे.

मालिका जुनी, परदेशी. एक जहाज आहे, जिल्ह्याएवढं मोठं, आणि ते अवकाशातून चाललं आहे. कुठून निघालं ते जहाजावरच्या लोकांना आठवत नाही आणि कुठं जायचं यावर त्यांचं एकमत नाही. माणसं जहाजातच जन्मतात, म्हातारी होतात, मरतात. त्यामुळे नट थकले की नवे घेता येतात आणि मालिका संपायला काही कारणच उरत नाही. आमच्या जन्माआधीपासून ती चालू आहे. सुरुवातीचे सीझन काळेपांढरे. सगळ्या पिढ्यांत टिकून राहिलेलं पात्र एकच: एक बोलणारं यंत्र, ज्याची अर्धी स्मृती कधीतरी जळून गेली.

आमच्या घरी ती केबलवर आली, हिंदीत. गोंदियात अर्धं आयुष्य हिंदीतच जातं आणि आमचं गाव मुर्री तर शहराला चिकटलेलं, त्यामुळे "जहाज मोड़ो" म्हणणारा गोरा कप्तान आम्हाला कधी खटकला नाही. वाहिनीनं मालिका कुठून सुरू केली होती देव जाणे. आम्ही बघितलेल्या पहिल्याच भागात कप्तानाचं लग्न मोडत होतं, आणि ते ठरलं कोणाशी होतं हे आम्हाला कित्येक आठवड्यांनी कळलं. मध्येच लाइट जायची. कधी केबलवाला ऐन वेळेला भजनं लावायचा. तरी दादा आणि मी त्या जहाजावर लहानाचे मोठे झालो. आई भाजी निवडत मागं बसायची. आता सगळे सीझन ॲपवर मिळतात. दादानं ते टीव्हीला जोडून घेतलं आणि रविवारची संध्याकाळ जहाजाची ठरली. बाबांना त्या वेळी दुकान असतं.

मग उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली. सौंदडची. बोलणं अस्सल झाडीपट्टीतलं, हसणं मोठं. पहिल्या रविवारी ती आमच्यासोबत बसली. पडद्यावर दोघं भांडत होते. तिनं विचारलं, "हा कोन होय?"

"त्याची मोठी स्टोरी आहे," दादा म्हणाला.

"मंग सांगा न."

"अशी नाही सांगता येत. तू पहिल्या सीझनपासून बघ. मधूनच पाहिलं तं सारी मजा खराब होते."

त्याला वाटत होतं तो तिला भेट देतो आहे. दुसऱ्याच दिवशी त्यानं तिच्या मोबाइलवर पहिला सीझन उतरवून दिला, वर "एकही भाग सोडू नको" अशी ताकीद.

वहिनीनं प्रामाणिकपणे सुरुवात केली. पोळ्या लाटताना मोबाइल डब्याला टेकवून ठेवायची. मी पाणी प्यायला गेले की मला हाक मारायची. "ताई, हे लोक काऊन इतके हळू बोलून राहिले? कोनी मेलं का?" त्या भागात कोणी मेलं नव्हतं. जहाजाचं एक दार उघडत नव्हतं एवढंच, आणि अर्धा भाग ते दारच ढकलत होते. वहिनीनं नीट पाहून सांगितलं की दार पुठ्ठ्याचं आहे, एका लाथेत उघडंल. खरंच होतं ते. काही दिवसांनी मोबाइल डब्याला टेकवलेला दिसेना. पालथा पडून असायचा.

त्यानंतर दर रविवारी ती आत आणि आम्ही बाहेर. आतून फोडणीचा आवाज यायचा, मग चहा यायचा, चहासोबत वहिनी यायची आणि ट्रे ठेवून परत जायची. "बस ना," मी म्हणायची. "मले त मागचं काई मालूम नाई," ती म्हणायची आणि जायची. दादाचा निष्कर्ष तयार होता. "तिला असल्या गोष्टी आवडत नाहीत."

इथं माझं डोकं फिरलं. कारण हे वाक्य मला पाठ आहे. मी ज्या मंडळींसोबत काम करते ती गावोगावी पत्रकं वाटतात: बायांनो, ग्रामसभेला या, बसा, बोला. चोरखमाऱ्याकडच्या एका गावात मी ओट्यावर बसलेल्या बायांना विचारलं होतं, सभेत का येत नाही. त्या म्हणाल्या, आमाले मागचं काई मालूम नाई, आमी काय बोलाव? आणि सरपंचाच्या शेजारचा माणूस म्हणाला, बायांना आवड नाही. आधी मागचं सांगायचं नाही आणि मग आवड नाही म्हणायचं. ही युक्ती गावात चालते तशी आमच्या हॉलमध्येही चालू होती, फक्त दादाच्या हातात रिमोट होता.

लोकांना हे क्षुल्लक वाटेल. मालिकाच तर आहे. पण नव्या सुनेनं घरात कुठं बसायचं हे पहिल्या वर्षात ठरून जातं, कोणी न ठरवता. एकदा ती ट्रेवाली झाली की ट्रेवालीच राहते, मग तिला कोणी उठवत नाही आणि बसवतही नाही. दिवाळीनंतर नवा सीझन येणार होता. आई प्रेमानंच म्हणाली, "त्या दिवशी भजे करजो बेटा, साऱ्यायले आवडतात." त्या साऱ्यांत वहिनी नव्हती, ती कढईपाशी होती.

मी दादाशी भांडले.

"तू कुठून सुरू केली होती रे?"

"तेव्हा केबल होतं. मिळंल ते पाहावं लागे."

"म्हणजे तुला मधून समजतं आणि तिला समजत नाही."

"तसं नाही म्हटलं मी. तुझं तं सगळ्यातच आंदोलन असते."

"आणि तुझी सगळ्यातच प्रवेश परीक्षा."

तो रागावून आंघोळीला गेला.

मग मी माझा उपाय केला. आमच्यात पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिली गोष्ट सांगतात: वाचणारा चालत असतो, घडी जिथं उघडेल तिथून वाचतो, म्हणून प्रत्येक परिच्छेद आपल्या पायावर उभा पाहिजे. त्या हिशेबानं मी एकटा उभा राहणारा भाग शोधला. सगळ्यात नावाजलेला. जहाजावरच्या बागेची म्हातारी राखणदारीण मरते तो. मी तो इतक्यांदा पाहिला आहे आणि दर वेळी रडले आहे. वहिनीला दुपारी बसवलं, दार लावलं. तिनं शेवटपर्यंत मन लावून पाहिला. मी डोळे पुसत होते, ती माझ्याकडं काळजीनं बघत होती.

"चांगला होता, ताई," ती म्हणाली. "पन ते बाई मेली त मले काऊन रडू येईन? मी तिच्या घरी चहा बी नाई पेली कधी."

पत्रकाचा नियम रस्त्यावरच्या माणसाला लागू पडतो, शोकसभेला नाही. इंटरनेटवर लोक 'नव्यांनी इथून सुरुवात करावी' म्हणून याद्या देतात त्या सगळ्या मी वाचल्या, आणि सगळ्या अशाच आहेत. आपल्याला जिथं रडू आलं तिथं पाहुण्याला नेऊन बसवायचं आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं.

दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस सुरू झाले. आमच्याकडं दिवाळीनंतर आज या गावात, उद्या त्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. माणसं आपल्या गावची उरकून पाहुण्यांच्या गावी जातात. सौंदडच्या बाजूच्या मंडईला वहिनीच्या माहेरचं बोलावणं होतं. आई, वहिनी आणि मी सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. दादा राइस मिलमध्ये हिशेब बघतो आणि नवा धान यायचे ते दिवस, त्यामुळे तो दुपारी मोटरसायकलनं येणार होता.

दुपारी चौकात दंडार उभी राहिली. गावच्याच पोरांचे नाच, गाणी, सोंगं; बाईचं काम करणारा पोरगाच. आम्ही बारदान्यावर बसून मुरमुरे खात होतो. बरंच होऊन गेल्यावर दादा आला, केसांत धूळ. मागच्या एका काकांनी त्याला न ओळखताच "बस गा, बस" म्हणून जागा केली आणि तो सरकत सरकत वहिनीपाशी पोचला.

"हा कोण?" त्यानं विचारलं.

वहिनीनं समोरची नजर न हलवता सांगितलं, "राजा होय. पन नकली. असली राजा थो तिकडं, लुगडं नेसून दळून राहिला. राणीनं वळखलं त्याले, पन सांगून नाई राहिली, काऊन का तिले नकलीच बरा वाटते. आता पाहा, मार खाते थो."

नकली राजानं मार खाल्ला आणि दादा पोट धरून हसला. थोड्या वेळानं वहिनीचा मावसभाऊ आला. तो दुसऱ्या गावची मंडई करून आला होता. दादापाशी बसला आणि विचारता झाला, काय चालू आहे. आणि माझ्या दादानं, ज्यानं निम्मी दंडार पाहिलीच नव्हती, त्याला रुबाबात सगळं समजावलं. दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. वहिनीनं त्या ऐकल्या आणि सोडून दिल्या.

मंडईत हे असंच असतं. सुरुवातीपासून पाहिलेला माणूस सापडणं मुश्कील, कारण जो तो कुठून तरी दुसरीकडून आलेला असतो. आधी बसलेल्यानं नंतर आलेल्याला सांगायचं, एवढा एकच कायदा. विचारण्यात कमीपणा नाही आणि सांगण्यात उपकार नाही.

मी संधी सोडणार नव्हते. "दादा, तू पहिल्यापासून नाही पाहिलं. मजा खराब झाली असंल तुझी."

"हे वेगळं आहे," तो म्हणाला.

"काय वेगळं हाये जी यात?" वहिनीनं विचारलं. तिला भांडायचं नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दादानं मूठभर मुरमुरे तोंडात भरले.

नवा सीझन आला त्या रविवारी वहिनी कढईपाशीच होती. भाग सुरू झाला, गाणं संपलं, जहाज दिसलं. मग ती भज्यांची ताटली घेऊन बाहेर आली. ताटली ठेवली, पदराला हात पुसले, आणि परत न जाता आईच्या बाजूला पलंगावर बसली.

"आई, हा कोन?"

इतक्या वर्षांत आईला या मालिकेबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. आईनं घसा साफ केला.

"हा तिचा दीर. मनानं चांगला आहे, पन बायकोच्या मुठीत."

"आई, तो दीर नाही," दादा म्हणाला. "शत्रूचा हेर आहे तो."

"असंल. दीर राहून हेर नाही का होता येत?"

"अन् हे बोलते ते मशीन?"

"ते घरची सासू. साऱ्यायच्या आधीपासून आहे. अर्धं इसरली, पन चावी सोडत नाही."

वहिनी हसायला लागली आणि हसता हसता थांबली, कारण ती सासूच्याच बाजूला बसली होती. मग आईच हसली, चांगली मोठ्यानं. दादानं भाग थांबवला आणि खरी गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.

"तुमी थांबा जी," वहिनी म्हणाली. "आई सांगून राहिल्या. चालू करा ते."

त्यानं चालू केलं.

तेव्हा ज्यांना ही मालिका बघायची आहे त्यांना माझं सांगणं असं. ज्या घरी ती चालू आहे तिथं जा आणि त्या दिवशी जो भाग लागला असेल तो बघा, बडबड करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून. त्यानं चुकीचं सांगितलं तरी चालेल, पुढच्या भागांत आपोआप दुरुस्त होतं. आईची गोष्ट अजून दुरुस्त झालेली नाही आणि तिचं काही बिघडलेलं नाही. कोणी शेजारी नसेल तर नव्यातला नवा सीझन लावा, कारण तो बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं की लोक मागचं विसरलेत. पहिला सीझन नंतरसाठी ठेवा. थंडीत वहिनीनं तो स्वतःहून काढला, पुठ्ठ्याच्या दारासकट सगळा पाहिला. का, तर सासू तरुणपणी कशी होती ते तिला पाहायचं होतं. यंत्र पहिल्या सीझनमध्ये फार गोड बोलायचं, हे दादालाही माहीत नव्हतं. त्यानं तो सीझन कधी पुरा पाहिलेलाच नाही. हे त्यानं वहिनीपुढं कबूल केलं, माझ्यापुढं नाही.

भज्यांचा प्रश्न वहिनीनं स्वतःच निकालात काढला. भाग सुरू व्हायच्या आत स्वयंपाक झाला पाहिजे म्हणून आता दर रविवारी खिचडी असते, दुपारीच कुकर लावून ठेवलेली. दादाला खिचडी अजिबात आवडत नाही. त्यानं एकदा तक्रार केली, तेव्हा ती म्हणाली की त्याला भजे पाहिजे असतील तर त्यानं भाग चालू असताना तळावे, मागचं ती त्याला सांगंल.