कॅसिमिरच्या वहीतली सात विमानं

सिडनीतल्या केलीव्हिलमध्ये आमच्या कुंपणापलीकडे वसईचा कॅसिमिर राहतो. दातांच्या कवळ्या बनवणं हा त्याचा धंदा आणि रिचमंडच्या हवाई तळावरची विमानं काय बोलतात ते रेडिओ स्कॅनरवर ऐकून वहीत टिपणं हा छंद. त्यात गुपितं ऐकू येत नाहीत, नुसतं कोण उतरतंय आणि कोण उडतंय. त्या खरखरीने माझं डोकं उठायचं. एकदा तर मी त्याच्या बायकोकडे, सेलिनकडे, तक्रारही केली होती. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

२०२१च्या मे महिन्यात नाशिकला श्रीनाथकाका कोविडने गेले. माझे बाबा तेव्हा वर्षभर माझ्याकडे अडकून पडलेले. धाकट्या भावाचं शेवटचं दर्शन त्यांना फोनवर घ्यावं लागलं. त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच टाकलं. दोन घास खायचे, ‘हो’ नाहीतर ‘नको’ म्हणायचे, की परत खिडकीशी. पुढे सिडनीत लॉकडाऊन लागला. डॉक्टर फोनवर धीर धरा म्हणायचे, आणि बाबा असे बसल्या बसल्याच जातील या भीतीने मला झोप लागत नव्हती.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, एका दुपारी बाबांना मी जबरदस्तीने मागच्या अंगणात उन्हाला बसवलं होतं. कॅसिमिरने स्कॅनर आणून कुंपणावरच ठेवला आणि आवाज वाढवला. तासभर ती खरखर सोसून मी त्याला झापायलाच निघाले होते.

“अंकल, आज बिझी आर्व्हो आहे, दुपारभर नुसती गडबड,” तो वही दाखवत म्हणाला. “एका तासात सात विमानं उतरली.”

बाबांनी मान वर केली. ओझरच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं विमानांचे रेडिओ दुरुस्त केले होते.

“सात नाहीत, एकच आहे,” ते म्हणाले. “दर वेळी नाव तेच सांगतोय. चाकं टेकवतो आणि परत उडतो. नव्या पायलटला शिकवतायत.”

नऊ आठवड्यांत ते एवढं बोलले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

मग रोज तीन वाजता स्वेटर घालून बाबांची खुर्ची कुंपणाशी. कॅसिमिर चुकायचा, बाबा चिडायचे, समजावून सांगायचे. ऑगस्टमध्ये एकदा ते त्याला श्रीनाथकाकांबद्दल सांगताना दिसले. सांगता सांगता रडले, आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या फेब्रुवारीत बाबा नाशिकला परतले. कॅसिमिरचा इअरफोन त्यांच्याकडून आमच्या घरी राहिला होता, तो द्यायला मी त्याच्याकडे गेले. तो आत इअरफोनची डबी शोधत होता. टेबलावर जुन्या वह्या होत्या. मी सहज एक उघडली. २०१४ची होती. त्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘एकच विमान, नऊ फेऱ्या. ट्रेनिंग.’

तो बाहेर आला तेव्हा वही माझ्या हातात होती. मी ते पान त्याच्यापुढे धरलं.

“मी बरोबर सांगितलं असतं, तर अंकल ‘हो’ म्हणून गप्प बसले असते, मंजिरी,” तो म्हणाला आणि इअरफोन खिशात टाकला.

इतक्या वर्षांत या माणसाला मी साधा चहा विचारला नव्हता. त्याचे उपकार मी कशाने फेडणार?

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. कॅसिमिर माणूस सोन्यासारखा आहे, म्हणाले, पण विमानांतलं त्याला ओ की ठो कळत नाही, जरा लक्ष ठेव त्याच्याकडे. मी म्हटलं, ठेवते.